वाचकांचे प्रश्न : मांजराची नजर

मांजरांच्या डोळ्यांविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी सहा पत्रे निवडली आहेत. पत्रे मोठी होती, म्हणून प्रश्नापुरता मजकूर ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे पर्शियन मांजरांची जोडी आहे. या वर्षी भाटीला चार पिल्ले झाली. त्यांपैकी दोन पिल्ले दोन महिन्यांची झाली तरी खेळण्यामागे धावत नाहीत, ताटली सापडली नाही तर जमीन हुंगत फिरतात आणि भर उजेडातही त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहतात. आमच्या डॉक्टरांनी ती आंधळी असल्याचे सांगितले. ज्यांच्याकडून बोका घेतला होता, त्यांचे म्हणणे असे की आंघोळीच्या वेळी डोळ्यांत शाम्पू गेला असेल. आईबाप दोघांचीही नजर उत्तम आहे, मग हे आनुवंशिक कसे असेल? याच जोडीची पिल्ले पुन्हा घ्यावीत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला घाई आहे. या जोडीची पिल्ले पुन्हा घेऊ नयेत. भाटी पिल्ले अंगावर पाजत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते, त्यामुळे बोक्याला आजच वेगळे ठेवावे.

शाम्पूचे कारण मला पटत नाही. शाम्पू गेला तर डोळा लाल होतो, पाणी गळते, पिल्लू डोळा मिटून घेते, आणि फार झाले तर डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याला जखम होऊन तो धुरकट दिसतो. एकाच वेतातल्या नेमक्या दोन पिल्लांच्या चारही बाहुल्या सारख्याच विस्फारलेल्या राहाव्यात आणि बाकी डोळा स्वच्छ दिसावा, हे शाम्पूचे काम नव्हे.

आपण लिहिलेली लक्षणे पर्शियन मांजरांतील एका ओळखीच्या आनुवंशिक आजाराशी जुळतात. डोळ्याच्या मागच्या बाजूस जो प्रकाशग्राही पडदा असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यातील दंडपेशी अंधुक उजेडात पाहण्याचे काम करतात आणि शंकूपेशी भर उजेडात. या पेशी जन्मानंतर हळूहळू किंवा झपाट्याने मरत जाण्याच्या आजारांना मिळून पशुवैद्यक पीआरए म्हणतात. पर्शियन मांजरांतला पीआरए हा झपाट्याचा प्रकार आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच उजेड पडल्यावर बाहुली आकसण्याची क्रिया मंदावते आणि सोळाव्या आठवड्याच्या सुमारास दृष्टी जवळपास पूर्ण गेलेली असते. पिल्लू डोळे उघडते त्याच सुमारास नजर जाऊ लागते, त्यामुळे घरच्यांना ते 'जन्मांध' वाटते. या आजाराचे शास्त्रीय वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यामागचा दोष एआयपीएल-१ या जनुकात असल्याचे अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या लेस्ली लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. दृष्टिपेशींना प्रकाशाचा संदेश पुढे पाठवण्यासाठी लागणारे एक एन्झाइम या जनुकाच्या मदतीवाचून धड तयार होत नाही, आणि त्यापायी दंडपेशी आणि शंकूपेशी दोन्ही मरतात.

आता आईबापांविषयी. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. हा दोष अप्रभावी स्वरूपाचा आहे, म्हणजे एक प्रत सदोष असली तरी दुसरी चांगली प्रत सगळे काम निभावून नेते आणि त्या मांजराला आयुष्यभर काही होत नाही. अशा मांजराला वाहक म्हणतात. आपली भाटी आणि बोका दोघेही वाहक असणार, कारण दोघांकडूनही सदोष प्रत आल्याशिवाय पिल्लू आंधळे होत नाही. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला अंधत्व येण्याची शक्यता चारात एक असते. अर्थात दर चार पिल्लांमागे मोजून एक, असा हा रेशनच्या दुकानातला हिशेब नाही. एखाद्या वेतात एकही पिल्लू आंधळे निघत नाही, तर एखाद्यात तुमच्याकडच्यासारखी दोन निघतात. पहिल्या वेतातली सगळी पिल्ले डोळस निघाली म्हणून जोडी निर्दोष, हा गैरसमजही याच हिशेबातून होतो.

जी दोन पिल्ले डोळस आहेत, त्यांतील प्रत्येक पिल्लू वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. ती कोणाला दिलीत तर ही गोष्ट स्पष्ट सांगून द्या आणि त्यांची नसबंदी होईल याची खात्री करून घ्या. निदान पक्के करायचे असेल तर गालाच्या आतल्या बाजूने कापसाची काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यावर जनुकीय चाचणी करता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुजनुक प्रयोगशाळेत ही चाचणी होते. नमुना घेण्यापूर्वी पिल्लाला काही वेळ आईपासून दूर ठेवावे, नाहीतर तोंडात राहिलेल्या दुधातून आईच्या पेशी नमुन्यात येतात आणि उत्तर आईचे मिळते.

उपचाराविषयी आपण विचारले नाही, पण पुढे कोणीतरी गाजराचा रस किंवा डोळ्यांत घालायचे थेंब सुचवील, म्हणून सांगतो. मेलेल्या दृष्टिपेशी परत आणणारे औषध नाही. माणसांत याच जनुकाच्या दोषामुळे मुलांना जन्मापासून अत्यंत कमी दिसते, आणि लंडनमध्ये अशा चार लहान मुलांना जनुकीय उपचार देऊन त्यांच्या नजरेत सुधारणा झाल्याचा वृत्तान्त २०२५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. मांजरांसाठी असा उपचार दवाखान्यात मिळत नाही.

एक गोष्ट मनाविरुद्ध का होईना, लिहावीशी वाटते. आपल्याकडे पर्शियन पिल्लू घेताना 'पंच फेस' (चपटा चेहरा) की 'डॉल फेस' (नेहमीसारखा चेहरा), कोट किती दाट, रंग कोणता, याची चौकशी तासभर चालते, पण आईबापांच्या डोळ्यांविषयी एक प्रश्न कोणी विचारत नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले, परंतु ते नियम मांजरांना लागू नाहीत. त्यामुळे निदान घेणाऱ्याने तरी विचारावे.

प्रश्न : आम्ही मूळचे सातारचे, सध्या न्यू जर्सीत राहतो. आमच्या अ‍ॅबिसिनियन भाटीच्या चाचणीत 'वाहक' असा शेरा आला आहे. तिची नजर जाणार का? तिचे एक वेत घ्यावे अशी मुलांची फार इच्छा आहे. ज्यांच्याकडून ती घेतली त्यांची हरकत नाही, पण एका परिचितांनी वाहक मांजराची पैदास करणे म्हणजे पाप आहे असे सुनावले. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : वाहक असल्यामुळे तिची नजर जाणार नाही. आणि आपल्या परिचितांचा हेतू चांगला असला तरी त्यांचा सल्ला मला मान्य नाही.

मांजरांच्या आनुवंशिक अंधत्वाचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास आपल्या भाटीच्याच जातीत झालेला आहे. स्वीडनमधील पशुनेत्रतज्ज्ञ क्रिस्टिना नार्फस्ट्रोम यांनी १९८०च्या दशकात तिथल्या अ‍ॅबिसिनियन मांजरांमधील हा आजार तपशीलवार नोंदवला. ही मांजरे जन्मतः डोळस असतात. सात-आठ महिन्यांच्या वयात दृष्टिपटलाची विद्युत् चाचणी केली तर बिघाडाची चाहूल लागते, पण डॉक्टरला यंत्रातून पडद्यावर बदल दिसायला दीड ते दोन वर्षे लागतात, आणि पूर्ण अंधत्व बहुधा तीन ते पाच वर्षांच्या वयात, काहींना त्याहून उशिरा येते. आधी दंडपेशी जातात, मग शंकूपेशी. म्हणून सुरुवात संध्याकाळच्या चाचपडण्याने होते आणि दुपारी सगळे ठीक दिसत राहते.

या धीम्या गतीतच पैदास करणाऱ्यांची खरी अडचण होती. मांजर आठ-नऊ महिन्यांत वयात येते, आणि आजार दिसतो दुसऱ्या वर्षी. तोवर एका आजारी बोक्याची तीन-चार वेते होऊन पिल्ले गावोगावी गेलेली असत. पुढे २००७ मध्ये मॅरिलिन मेनोट्टी-रेमंड, नार्फस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी सीईपी-२९० या जनुकातील नेमका दोष शोधला. त्या जनुकाच्या लांबलचक मजकुरात एकच अक्षर बदललेले आहे, तेही ज्या भागातून प्रथिन बनत नाही अशा जागी. परंतु त्या एका अक्षरामुळे पेशी मजकूर चुकीच्या ठिकाणी कापते, चार अक्षरे जास्तीची आत शिरतात आणि त्यापुढचे सगळे वाचन बिघडते. तेव्हापासून पिल्लाच्या गालावरून काडी फिरवून, ते वयात येण्याच्या कितीतरी आधी, त्याचे भवितव्य कळू लागले.

हा दोषही अप्रभावी आहे. आपल्या भाटीची जोडी चाचणीत 'निर्दोष' ठरलेल्या बोक्याशी जमवली तर एकही पिल्लू या प्रकारच्या पीआरएने आंधळे होणार नाही. सरासरीने निम्मी पिल्ले वाहक निघतील, एवढेच. ती चाचणीने ओळखता येतात. उलट, सगळ्या वाहकांना एकदम बाद केले तर त्यांच्याबरोबर शेकडो चांगले गुणही बाद होतात आणि उरलेल्या मोजक्या मांजरांत आपसांत जुळणी होऊन दुसराच एखादा दोष वर येतो. लहान जातीत हा धोका पुस्तकी नाही. वाहकाला निर्दोष जोडीदार द्यावा आणि पुढच्या पिढीसाठी निर्दोष पिल्ले राखावीत, हा मार्ग सावकाश असला तरी मला शहाणपणाचा वाटतो.

बोक्याच्या मालकांकडून मात्र नुसता 'पीआरए निर्दोष' असा तोंडी हवाला घेऊ नका. कोणत्या जनुकाची चाचणी झाली तो कागद पाहा. अ‍ॅबिसिनियनमध्ये सीआरएक्स या जनुकातील दोषाने होणारा दुसरा प्रकारही आहे. तो प्रभावी आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आलेली एक सदोष प्रत पुरते. यात पिल्लाच्या बाहुल्या पहिल्या काही आठवड्यांतच विस्फारलेल्या दिसतात आणि वर्षभरात आजार शेवटच्या टप्प्याला जातो. बेंगॉल जातीत आणखी तिसऱ्याच जनुकाचा, केआयएफ-३बीचा दोष असतो, जो २०२० मध्ये उजेडात आला. पर्शियनचा चौथा आपण वर पाहिलाच. एका जनुकाच्या चाचणीत आलेला 'निर्दोष' शेरा दुसऱ्या जनुकाच्या दोषाविषयी काही सांगत नाही.

ता. क. म्हणून एक गंमत. अ‍ॅबिसिनिया म्हणजे इथिओपिया, म्हणून ही जात तिकडची असे नावावरून वाटते. पण नेदरलँड्समधील लायडनच्या संग्रहालयात १८३०च्या दशकात आलेल्या, या जातीसारख्याच दिसणाऱ्या पेंढा भरलेल्या मांजरावर ते भारतातले पाळीव मांजर असल्याची चिठ्ठी आहे. मुलांना सांगायला हरकत नाही.

प्रश्न : आमचा सियामी बोका सहा वर्षांचा आहे. दिवाळीच्या साफसफाईत आम्ही सोफा, टीव्हीचे कपाट आणि त्याची झोपायची टोपली इकडून तिकडे हलवली. त्या दिवसापासून तो सगळीकडे धडकू लागला. एका दिवसात नजर कशी गेली? त्याचे डोळे जन्मापासून तिरळे आहेत, त्याचा काही संबंध असेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : माझा अंदाज असा की नजर एका दिवसात गेली नाही, एका दिवसात गेला तो त्याच्या डोक्यातला घराचा नकाशा. मांजर वासावर, कानांवर, मिशांवर आणि सगळ्यात जास्त आठवणीवर चालते. सोफा किती उड्यांवर आहे, खिडकीची कड कुठे संपते, हे त्याला पाठ असते. नजर वर्ष-दीड वर्षात हळूहळू जात असली तर ते इतक्या सफाईने वावरते की घरातल्या माणसांना शंकाही येत नाही. मग घर बदलते, सुतार येतो, दिवाळी येते, आणि सगळे उघडे पडते. आठवून पाहा : तो अलीकडे उंचावर उडी मारण्यापूर्वी थबकत होता का, रात्री दिवा नसताना जिना टाळत होता का, फोटोत त्याचे डोळे पूर्वीपेक्षा जास्त चमकतात का? दृष्टिपटलाच्या मागे मांजराला आरशासारखा एक थर असतो, ज्यामुळे रात्री त्याचे डोळे चकाकतात. त्याच्या पुढचे दृष्टिपटल विरळ झाले की तो आरसा अधिक उघडा पडतो आणि चकाकी वाढते. लोक या चमकेचे कौतुक करतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

घरी पाहायचे असेल तर डोळ्यांसमोर हात हलवून पाहू नका; हाताचा वारा मिशांना लागतो आणि आंधळे मांजरही पापणी लववते. कापसाचा छोटा बोळा त्याच्यासमोर थोड्या अंतरावरून खाली सोडा. त्याला आवाज नाही, वास नाही, वाराही नाही. डोळस मांजराची मान बहुधा त्यामागे जाते. लक्ष नसले तर डोळस मांजरही ढिम्म बसते, म्हणून आधी उजेडात आणि मग अंधुक खोलीत तीन-चार वेळा करून पाहा.

तिरळेपणाचा संबंध नाही. सियामी मांजराचा फिका रंग ज्या जनुकीय बदलामुळे येतो, त्याच बदलामुळे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू जन्मापूर्वीच चुकीच्या बाजूला वळतात, आणि तिरळेपणा त्याचा परिणाम आहे. अशा मांजराला अंतराचा अंदाज थोडा कमी येत असेल, पण ते त्यामुळे आंधळे होत नाही. मात्र न्यू जर्सीच्या पत्रात ज्या सीईपी-२९०चा उल्लेख आला, तो दोष सियामीतही आहे, आणि चांगलाच आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या ४३ जातींपैकी १६ जातींत तो सापडला आणि सियामीत त्या जनुकाच्या सुमारे ३३ टक्के प्रती सदोष आढळल्या. सियामीत आनुवंशिक काचबिंदूही होतो, पण त्यात डोळा आकाराने मोठा दिसू लागतो. आपण तसे लिहिलेले नाही.

तरीही रक्तदाब मोजून घ्या (का, ते पुढच्या पत्रात आले आहे), आणि डोळ्याचा मागचा पडदा पाहू शकणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. मी इथे बसून पत्रावरून अंदाज करतो आहे. पडदा पाहिल्याशिवाय तो अंदाजच आहे. आणि निदान काहीही निघो, तोवर सोफा आणि टोपली पूर्वीच्या जागी नेऊन ठेवा.

प्रश्न : आमची गावठी भाटी चौदा वर्षांची आहे. परवा रात्री नीट जेवून झोपली, सकाळी उठली तर काहीच दिसत नव्हते. बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत आणि एका डोळ्यात आतून लालसर दिसते. हेही आनुवंशिक असेल का? वय पाहता दवाखान्यात नेऊन त्रास देऊ नये असे घरच्यांना वाटते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : या पत्राला मी छापण्याची वाट न पाहता फोनवर उत्तर दिले, इथे इतरांसाठी लिहितो. या वयात, एका रात्रीत, डोळ्यात रक्त दिसून गेलेली नजर आनुवंशिक असल्याची शक्यता फार कमी. पहिला संशय उच्च रक्तदाबाचा. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडे कमजोर झाली किंवा गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की रक्तदाब चढतो, डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि दृष्टिपटल भिंतीवरचा पोपडा सुटावा तसे मागच्या थरापासून सुटते. वरचा रक्तदाब सातत्याने १६०च्या पुढे राहिला तर उपचाराचा विचार करावा लागतो आणि १८०च्या पुढे डोळ्याला व मेंदूला धोका मोठा असतो. ॲम्लोडिपिन हे माणसांचेच औषध इथे वापरतात, परंतु त्याची मात्रा माणसाच्या गोळीचा एक लहानसा तुकडा असते, आणि ती पशुवैद्यानेच ठरवावी. घरातल्या आजोबांच्या डबीतून काढून देऊ नये. लवकर, म्हणजे पहिल्या काही दिवसांत रक्तदाब खाली आला तर सुटलेला पडदा पुन्हा बसू शकतो आणि थोडीफार नजर परत येते. उशीर झाला तर येत नाही.

आठवडाभरात एखादे प्रतिजैविक दिले होते का, हेही डॉक्टरांना सांगा. एन्रोफ्लॉक्सासिन हे चांगले औषध आहे, पण मांजराला ते दिवसाला दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त झाले तर दृष्टिपटल कायमचे निकामी होऊ शकते. चार किलोच्या मांजराला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा झाली, आणि कुत्र्यासाठी आणलेली गोळी ५० मिलिग्रॅमची असते. 'अर्धी देऊन टाका' हा शेजाऱ्याचा सल्ला इथे महागात पडतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. आमचे मांजर तीन वर्षे दूध-पोळी, दहीभात आणि पनीर खाते. अधूनमधून कुत्र्याचे कोरडे खाद्यही देतो. डॉक्टरांनी दृष्टिपटलावर पट्ट्यासारखा डाग असल्याचे सांगून खाणे बदलायला लावले. तिचा भाऊ दुसऱ्या घरी आहे, त्याला काही झालेले नाही. मग दोष रक्तात की ताटात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताटात. भाऊ डोळस असणे हा पुरावा नाही, हे नाशिकच्या पत्रात आलेच; पण दृष्टिपटलावरचा आडवा पट्टा हा टॉरीन या घटकाच्या कमतरतेचा जवळजवळ शिक्काच आहे. आनुवंशिक पीआरएमध्ये ऱ्हास साऱ्या पडद्यावर पसरतो; टॉरीनच्या अभावात तो मध्यभागी, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते तिथे, लंबगोल डागाने सुरू होतो आणि आडवा पसरत जातो.

कुत्रा आणि माणूस आपापल्या शरीरात पुरेसे टॉरीन तयार करतात. मांजराला ते जवळजवळ जमत नाही, आणि शिवाय पित्त बनवण्यासाठी ते फक्त टॉरीनच वापरते, त्यामुळे असलेला साठाही रोज थोडाथोडा बाहेर जातो. हे कसे कळले ती कथा आपल्या पत्राला फार लागू आहे. १९७५ मध्ये के. सी. हेज आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवले, की ज्या मांजरांच्या आहारातले प्रथिन केवळ केसीन होते, त्यांचे दृष्टिपटल टॉरीनअभावी झिजले. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन, आपल्या पनीरचा मुख्य घटक. पनीर पौष्टिक आहे, यात शंका नाही. मांजराच्या डोळ्यांसाठी मात्र ते रिकामे आहे. पुढे १९८७ मध्ये याच कमतरतेने मांजराचे हृदय फुगून कमजोर होते, हेही सिद्ध झाले, म्हणून डॉक्टरांना तिचे हृदय एकदा तपासायला सांगा.

कुत्र्याचे खाद्य बंद करा; त्यात मांजराला पुरेल इतके टॉरीन असेलच असे नाही. मांजराच्या प्रमाणित कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाद्यात, त्यातील पाणी वजा करून, ०.२ टक्के टॉरीन असावे असा अमेरिकेतील खाद्यनियामकांचा निकष आहे, आणि बहुतेक नामांकित खाद्यांत ते कृत्रिमरीत्या तयार करून मिसळलेले असते. घरी मांस किंवा मासे शिजवून देणारे वाचक असतील तर त्यांनी उकळलेले पाणी फेकू नये, कारण टॉरीन पाण्यात उतरते. कोंबडीच्या छातीपेक्षा तंगडीच्या आणि हृदयाच्या मांसात ते जास्त असते. आपल्या स्वयंपाकघरात मांस शिजवणे नको असेल तर तयार खाद्याचा डबा बाल्कनीत ठेवा. घराचे व्रत घराने पाळावे, मांजराला त्यात ओढू नये. गेलेला भाग भरून येणार नाही, परंतु खाणे आजपासून बदलले तर पट्टा तिथेच थांबेल आणि उरलेल्या नजरेवर तिचे उत्तम चालेल.

प्रश्न : आमची दोन वर्षांची बेंगॉल भाटी पीआरएमुळे पूर्ण आंधळी झाली आहे. आम्ही मुंबईत पाचव्या मजल्यावर राहतो. तिला झोपेचे इंजेक्शन देऊन सोडवावे, असे एक काका वारंवार सांगतात. तिला वेदना होत असतील का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : पीआरएमध्ये डोळा दुखत नाही. तिला ज्यातून सोडवावे असे काहीच नाही. काकांना नमस्कार सांगा.

पाचवा मजला ही मात्र खरी काळजी आहे. गॅलरी आणि प्रत्येक खिडकीला घट्ट जाळी हवी, कारण आंधळे मांजरही कबुतराच्या फडफडीवर झेप घेते. पाण्याचे भांडे, जेवणाची ताटली आणि मातीचा ट्रे यांच्या जागा ठरवून टाका आणि पाहुण्यांनाही त्या हलवू देऊ नका. हात लावण्याआधी तिला हाक मारा. उचलून घेतलेत तर खाली ठेवताना दर वेळी एकाच ठिकाणी, शक्यतो ट्रेजवळ ठेवा, म्हणजे तिथून तिला घराचा अंदाज बांधता येतो. मिशा कधीही कापू नका. आत घंटी असलेला चेंडू, चुरचुरणारा कागद आणि फरशीवर फिरवलेली सुतळी यांच्या मागे ती धावेल, आणि ती आंधळी आहे हे पाहुण्यांना तुम्हाला सांगावे लागेल. तिची नसबंदी झाली नसेल तर करून घ्या. ती ज्या घरातून आणली त्यांना निदान लेखी कळवा, कारण बेंगॉलमधला दोषही अप्रभावी आहे, म्हणजे तिचे आईबाप दोघेही वाहक आहेत आणि बहुधा अजून पिल्ले देत असतील.

पीआरए झालेल्या काही डोळ्यांत पुढे मोतीबिंदू होतो, आणि त्यातून क्वचित डोळ्याला सूज येऊन आतला दाब वाढतो, म्हणून दर सहा महिन्यांनी डोळे दाखवत जा. डोळा लाल झाला, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसू लागला किंवा ती तो मिटून कोपऱ्यात बसू लागली, तर मात्र तो दुखतो आहे असे समजावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.